भौतिकशास्त्रात काय सोडून द्यायचं, हे कसं ठरतं

यामिकी, उष्मागतिकी, प्रकाशशास्त्र, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, सापेक्षता, अणुकेंद्रीय भौतिकी. कॉलेजच्या पुस्तकांत ही नावं ओळीनं येतात आणि मुलांना वाटतं, निसर्गच असा वाटून दिलेला आहे. दादरच्या फलाटावर शिरणारी एक लोकल बघा. तिची गती यामिकीची, तापलेले ब्रेक उष्मागतिकीचे, डोक्यावरची तार आणि खालच्या मोटारी विद्युतचुंबकत्वाच्या, डब्यातले एलईडी दिवे पुंजयामिकीचे. गाडी एकच. आपण काय विचारतोय आणि उत्तर किती अचूक हवंय, यावर ठरतं की कुठली गोष्ट हिशेबात धरायची आणि कुठली बिनधास्त सोडायची. सोडलेली गोष्ट उत्तरात किती फरक पाडते हे ज्याला आकड्यात सांगता येतं, त्याला ती शाखा समजली असं मी मानतो. सूत्र पाठ असणं ही त्याच्या बरीच अलीकडची पायरी आहे.

सुरुवात एककांपासून करावी लागते, आणि नेमकं हेच प्रकरण सगळे घाईत उरकतात. मूलभूत एककं सात: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम हा पॅरिसजवळच्या तिजोरीतल्या धातूच्या वजनावर अवलंबून राहिलेला नाही. पुंजयामिकीतल्या प्लांकच्या स्थिरांकाची किंमत पक्की ठरवून त्यावरून त्याची व्याख्या केली जाते. रोजच्या गणितात एककांचा मोठा उपयोग म्हणजे चुका पकडणं. लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, लांबी, गुरुत्वत्वरण आणि गोळ्याचं वस्तुमान यांच्यापासून बनवायचा आहे असं समजा. लांबीला त्वरणानं भागलं की सेकंदांचा वर्ग उरतो, वर्गमूळ घेतलं की सेकंद. वस्तुमान यात कुठेही घातलं तर किलोग्रॅम शिल्लक राहतो आणि त्याला कापायला दुसरं काही नाही. म्हणजे गोळा जड असो की हलका, दोलनकाल तोच, हे एकही समीकरण न सोडवता कळतं. 2π हा गुणक मात्र एककं सांगत नाहीत, तो गणितातूनच येतो.

हाच लंबक घरी टांगून मुंबईचं गुरुत्वत्वरण काढता येतं. भौतिकशास्त्राची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही, कारण साहित्य दहा रुपयांचं आणि चुका सगळ्या खऱ्या. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर समुद्रकाठी आहे, त्यामुळे इथली किंमत 9.786 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. पुस्तकातल्या 9.81 पेक्षा ती थोडी कमी आहे. विषुववृत्ताकडे जावं तसं पृथ्वीचं फिरणं आणि तिचा फुगवटा ही किंमत खाली आणतात.

सुती किंवा रेशमी दोरा घ्या. नायलॉनचा नको, तो ताणला जातो. टोकाला दोन सेंटीमीटर व्यासाचा धातूचा गोळा किंवा मोठा नट बांधा. वरचं टोक खिळ्याला गुंडाळू नका, कारण झोका घेताना दोरा खिळ्यावर गुंडाळतो-सुटतो आणि लांबी बदलत राहते. दोन सपाट पट्ट्यांच्या चिमटीत दोरा धरला की टांगण्याची जागा पक्की होते. चिमटीच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर भरू द्या. पंखा बंद करा. गोळा आठ-नऊ सेंटीमीटर बाजूला नेऊन धक्का न देता सोडा, म्हणजे कोन पाच अंशांच्या आसपास राहील. दोन-चार झोके जाऊ द्या. मग गोळा मधल्या रेषेवरून एका दिशेनं जाताना घड्याळ सुरू करा आणि त्या क्षणी ‘शून्य’ म्हणा. दर वेळी तो त्याच दिशेनं तिथून गेला की ‘एक’, ‘दोन’ असं मोजत जा आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवा. मुंबईत 40.2 सेकंदांच्या जवळपास यायला हवेत. त्याला वीसनं भागलं की दोलनकाल, आणि गुरुत्वत्वरण म्हणजे 4π² गुणिले लांबी भागिले दोलनकालाचा वर्ग.

आता चुका बघा. घड्याळ दाबण्यात 0.2 सेकंदाची गफलत होते असं धरा. एकच झोका मोजला तर दोन सेकंदांत 0.2, म्हणजे दहा टक्के, आणि सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात वीस टक्के. वीस झोके मोजले तर तीच गफलत उत्तरात एक टक्क्यावर येते. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं तर प्रत्यक्षात 19 झोके मोजून आपण 20 नं भागतो, आणि उत्तर 10.84 येतं. वर्गात एखाद्याचं उत्तर 10.8 च्या आसपास आलं की बाकी काही न विचारता मोजणी तपासावी. लांबी गोळ्याच्या मध्याऐवजी तळापर्यंत घेतली तर एक टक्का चूक, आणि ती कायम एकाच दिशेनं, उत्तर वाढवणारी. अशी चूक दहादा मोजून सरासरी काढल्यानं जात नाही. त्यासाठी 60 पासून 120 सेंटीमीटरपर्यंत पाच-सहा लांब्या घ्यायच्या आणि दोलनकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढायचा. लांबीतली कायमची चूक रेषेला बाजूला सरकवते, उतार बदलत नाही, आणि उत्तर उतारातून काढायचं असतं.

कोन मोठा घेतला तर काय होतं? सोपं सूत्र लहान कोनापुरतं आहे. 10 अंशांना दोलनकाल 0.2 टक्के वाढतो, 30 अंशांना 1.7 टक्के. म्हणजे 30 अंशांवरून सोडलं तर उत्तर साडेतीन टक्के कमी येतं. एक टक्का अचूकता हवी असेल तर 10 अंशांपर्यंत हा परिणाम सोडून द्या, 30 ला सोडून चालणार नाही. हवेचा विरोध, दोऱ्याचं वजन, गोळ्याचा आकार, सगळ्यांना हीच कसोटी लावायची.

यामिकीचा गाभा दोन-तीन गोष्टींत येतो. बल नसेल तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बदलत नाही. बल असेल तर संवेगाच्या बदलाचा दर म्हणजेच ते बल. आणि संवेग, ऊर्जा, कोनीय संवेग या राशींचा जमाखर्च तंतोतंत जुळतो. लोकल सुटताना वरच्या कड्या मागे झुकतात. दोऱ्याला किल्ली बांधून तो टांगला तर झुकण्याच्या कोनावरून त्वरण काढता येतं: कोनाची टॅन्जंट म्हणजे गाडीचं त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. त्वरण 0.5 असेल तर कोन जेमतेम तीन अंश. किल्ली स्थिर राहत नाही, डोलते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन डोलण्याचा मध्य धरावा लागतो. शिवाय उभ्या रेषेचा संदर्भ गाडी उभी असतानाच घ्यायचा. रुळाला उतार असेल तर सुटण्याआधीच डबा कललेला असतो आणि तीन अंशांत तो अर्धा अंश मोठा पडतो. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नये, आणि दारात तर कधीच नाही.

मोबाइलमधल्या त्वरणमापकानं हेच करता येतं, फक्त त्याचं वागणं समजून घ्या. टेबलावर ठेवलेला फोन शून्य दाखवत नाही, 9.8 दाखवतो. मुक्तपणे पडणारा फोन शून्य दाखवतो. आतल्या इवल्याशा वस्तुमानाला आधार देणारं बल तो मोजतो, आणि पडताना आधारच नसतो. या एका निरीक्षणात आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाची सुरुवात आहे.

ऊर्जा आणि शक्ती यांतली गल्लत विजेच्या बिलावर सर्रास होते. किलोवॅट म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर, युनिट म्हणजे एकूण ऊर्जा: एक किलोवॅट एक तास, म्हणजे 36 लाख ज्यूल. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 22 लाख ज्यूल, म्हणजे 0.6 युनिट लागतं. 3 किलोवॅटचा गिझर हे बारा मिनिटांत करतो आणि 2 किलोवॅटचा अठरा. बिल जवळपास सारखंच. लोकलचाही हिशेब करा: गाडी आणि माणसं मिळून 700 टन धरले आणि वेग ताशी 80 किलोमीटर, तर गतिज ऊर्जा सुमारे 48 युनिट. प्रत्येक स्टेशनावर ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. निव्वळ घर्षणाच्या ब्रेकमध्ये ती उष्णता होऊन हवेत जाते, तर थ्री-फेज मोटारींच्या नव्या गाड्या थांबताना मोटारीचं जनित्र करून तिचा काही भाग तारेत परत पाठवतात.

उष्मागतिकी मुंबईकराला अंगावर कळते. माणूस नुसता बसला तरी साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. हवा अंगाइतकीच तापलेली असेल तर ती घालवायचा एकच मार्ग उरतो, घामाचं बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे 2,400 ज्यूल नेतो, त्यामुळे 100 वॅटसाठी तासाला 150 ग्रॅम घाम सुकायला हवा. वाहून गेलेला घाम यात जमेस धरत नाहीत, तो काहीच नेत नाही. सुकण्याचा वेग ठरतो त्वचेजवळचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर. 35 अंशांच्या ओल्या त्वचेपाशी तो 56 हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असतो. 32 अंशांच्या हवेत आर्द्रता 40 टक्के असेल तर हवेतला बाष्पदाब 19, फरक 37. आर्द्रता 80 टक्के झाली की हवेत 38 आणि फरक उरतो 18. तापमान तेच असून घाम सुकायचा जोर निम्म्यावर येतो. मे महिन्यात पुण्याचा पारा वर असूनही मुंबई जास्त नकोशी वाटते ती यामुळे. पंखा हवा थंड करत नाही. त्याला दिलेली वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून रिकाम्या बंद खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली तापते. तो त्वचेलगतचा दमट थर हटवतो, म्हणून अंगाला गार वाटतं. खोलीतल्या अब्जावधी रेणूंचा एकेकट्यानं माग न काढता दाब आणि तापमान या दोन-चार राशींवर भागवता येतं, ही या शाखेची मोठी कमाई आहे. पण ती घ्यायला रेणूंची संख्या प्रचंड असावी लागते.

विद्युतचुंबकत्वाबद्दल मुंबईकडे एक अस्सल गोष्ट आहे, आणि ती शाळेत सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी व्हायच्या. 2 सप्टेंबर 1859 ला सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेलं द्रव्य पृथ्वीवर येऊन आदळलं. त्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणानं आडव्या क्षेत्रात सुमारे 1,600 नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घट दाखवली. एकूण आडवं क्षेत्र 38,000 च्या आसपास, म्हणजे चार टक्के. उपकरण माणसं डोळ्यांनी वाचत होती. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही कुलाब्याचे हे आकडे वापरतात.

पुढे 1900 च्या सुमारास शहरात विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. वेधशाळेला त्याची धास्ती का वाटावी, ते एका ओळीच्या गणितात दिसतं. लांब सरळ तारेतून 50 अँपिअर धारा जात असेल तर 100 मीटरवर तिचं क्षेत्र 100 नॅनोटेस्ला भरतं. पृथ्वीच्या क्षेत्रातला रोजचा नैसर्गिक चढउतार असतो 40-50 नॅनोटेस्लाच्या घरात. तारेतून गेलेली सगळी धारा रुळांतून परत आली असती तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. पण रुळातली धारा जमिनीत झिरपते आणि वाटेल तिकडून फिरून येते, त्यामुळे खोडणं अर्धवट राहतं. वर ट्राम सुटली-थांबली की धारा बदलते, म्हणून वजा करायला ठरलेला आकडाही हाती लागत नाही. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा म्हणून अलिबाग निवडलं. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण आपल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि तो स्वतःच होकायंत्र हलवतो. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुनी मालिका नव्याला जोडायची तर दोन ठिकाणांमधला कायमचा फरक माहीत असावाच लागतो. विजेवरची ट्राम 1907 मध्ये धावली. ट्राम केव्हाच बंद झाली, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

लोकलच्या तारेतही हेच शास्त्र आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्ट डीसीवर. आता तारेत 25,000 व्होल्ट एसी असतो. गाडीला 3 मेगावॅट लागत असतील तर जुन्या दाबाला 2,000 अँपिअर ओढावे लागत, आता 120 पुरतात. तारेत वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गावर ठरते, म्हणून त्याच तारेत तीच शक्ती नेताना नुकसान 280 पटींच्या आसपास घटतं. विद्युतदाब का वाढवतात याचं पूर्ण उत्तर या वर्गात आहे.

प्रकाशशास्त्र ही वेगळी शाखा राहिली ती सवयीनं. मॅक्सवेलच्या समीकरणांनंतर प्रकाश, रेडिओ, क्ष-किरण सगळे एकाच जातीच्या लहरी ठरले. लहरीपेक्षा वस्तू खूप मोठी असेल तर प्रकाश सरळ रेषेत जातो असं धरून भिंगांचं गणित करता येतं. वस्तू लहरीएवढी झाली की ती सूट संपते.

पुंजयामिकीची सीमाही आकड्यांतच दिसते. तिच्यात प्रत्येक हलत्या वस्तूला तरंगलांबी असते: प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग. 60 किलोचा माणूस सेकंदाला एक मीटर चालत असेल तर त्याची तरंगलांबी 10 चा उणे 35 वा घात इतके मीटर येते, ती सोडून द्यावी. 100 व्होल्टनं पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.12 नॅनोमीटर, म्हणजे अणूएवढी. तिथे ती सोडली तर काहीच समजत नाही.

प्लांकचा स्थिरांक घरी काढायचा असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून लाल, पिवळा आणि निळा एलईडी, 1 किलो-ओहमचा रेझिस्टन्स (तपकिरी, काळा, लाल पट्टे), 100 किलो-ओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) आणि 9 व्होल्टची बॅटरी आणा. सगळं एका ओळीत जोडा. रेझिस्टन्सशिवाय एलईडी थेट बॅटरीला लावला तर क्षणात जळतो. पॉट फिरवून 1 किलो-ओहमच्या दोन टोकांत 100 मिलिव्होल्ट आणा, म्हणजे धारा 0.1 मिलिअँपिअर झाली. मग तोच मल्टिमीटर एलईडीच्या दोन टोकांना लावून दाब वाचा. लालला 1.7 व्होल्टच्या आसपास, निळ्याला 2.5 च्या आसपास येतो. प्रत्येक रंगासाठी धारा पुन्हा तेवढीच करा. दाब विरुद्ध वारंवारता (प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी) हा आलेख काढला की उतार 4.14 गुणिले 10 चा उणे 15 वा घात याच्या जवळ यावा, हाच इलेक्ट्रॉनव्होल्ट-सेकंदांत प्लांकचा स्थिरांक. घरच्या साहित्यात पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे झालं तरी चांगलं समजा. एकाच एलईडीवरून भागाकार केला तर उत्तर कमी येतं, कारण इलेक्ट्रॉनला लागणारी थोडी ऊर्जा उष्णतेतून मिळालेली असते. उतार घेतला की ती बरीचशी वजा होते. पांढरा एलईडी चालत नाही, तो आत निळाच असतो आणि वर पिवळं प्रकाशणारा लेप. हिरव्याचे दोन प्रकार मिळतात. जुना पोपटी आणि नवा गडद हिरवा यांचे दाब वेगळे असतात, म्हणून तरंगलांबी दुकानदाराला विचारूनच घ्या.

सापेक्षतेची दुरुस्ती ताशी 100 किलोमीटरच्या गाडीला दहा हजार कोटींत एक भागही भरत नाही. पण टॅक्सी शोधणाऱ्या फोनला ती लागते. जीपीएस उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं आणि कमी गुरुत्वामुळे 45 पुढे जातं. उरलेले 38 दुरुस्त केले नाहीत तर प्रकाशाच्या वेगानं दिवसाला 11 किलोमीटरची गफलत साचते. विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मणारे म्युऑन नावाचे कण तर याक्षणी तुमच्या अंगातून जात आहेत, समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंही 660 मीटर. पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मून ते खाली पोचतात, कारण आपल्या घड्याळानं त्यांचं आयुष्य तीस-चाळीस पट लांबलेलं असतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं विश्वकिरणांवर मोठं काम केलंय. याच म्युऑनांचा गोंगाट टाळायला तिथले शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले आणि 1965 मध्ये परदेशी सहकाऱ्यांसोबत वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो त्यांना तिथे सापडले.

अणुकेंद्राचं थोडक्यात सांगतो. तुर्भ्याला (ट्रॉम्बे) 4 ऑगस्ट 1956 ला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. युरेनियमचं एक केंद्रक दुभंगलं की सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात, कोळशाच्या एका अणूच्या ज्वलनातून चारेक. एक मेगावॅटची भट्टी दिवसभर चालवायला साधारण एक ग्रॅम युरेनियम-235 दुभंगावं लागतं. अप्सरेचं इंधन पाण्याच्या हौदात बुडवलेलं होतं. ते पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करायचं, उष्णता न्यायचं आणि किरणं अडवायचं, तिन्ही कामं एकट्यानं.

स्वतःहून शिकणाऱ्यांनी क्रम बदलू नये असं माझं ठाम मत आहे. पुंजयामिकीचं आकर्षण वाटतं हे खरं, पण दोलनं आणि लहरी पक्क्या नसतील तर तिथे नुसते शब्द हाती लागतात. आधी यामिकी आणि त्याबरोबरच कलनशास्त्र, मग दोलनं-लहरी, मग विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी मध्ये कुठेही, आणि त्यानंतर बाकीचं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर भौतिकशास्त्र ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. एकेक प्रश्न घ्या आणि सूत्राला हात लावण्याआधी उत्तर दहाच्या कुठल्या घातात येईल ते कागदावर लिहून ठेवा.